माझ्या बोटाने लावलेली वेळ

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. चहा, खारी आणि कुणाला तरी वळणावर दिसलेली बाई... असा माझा रविवार. वाचून झालं की "यांना झोप पुरत नाही बहुतेक" म्हणायचं आणि कामाला लागायचं. स्वभावच तसा आहे माझा, तोंडाला लगाम नाही आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नाही. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसले तर भीती वगैरे काही वाटत नाहीये, लाज वाटतेय. अंगावर काटा यावा म्हणून कुणी वाचायला घेतलं असेल तर त्यांची निराशा होईल.

मी ठाण्यात एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही शाळा, वसतिगृहं, दवाखाने अशा ठिकाणी बोट लावून हजेरी घेणारी मशीन बसवतो. माझं मुख्य काम माहितीपुस्तिका लिहिण्याचं. म्हणजे नवीन जागी मशीन बसवलं की तिथल्या माणसाने काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, हे सोप्या मराठीत फोटोसकट लिहून द्यायचं. गेल्या वर्षी मी त्यातला घड्याळाचा भाग लिहीत होते. हजेरीच्या मशीनचं सगळं काही त्याच्या घड्याळावर असतं हो. नेट असेल तर मशीन आपली वेळ सर्व्हरकडून जुळवून घेतं, त्याला टाइम सिंक म्हणतात. नेट नसेल तर आतल्या घड्याळावर चालतं, आणि वीज गेल्यावर ते घड्याळ थांबू नये म्हणून आत एक बटण सेल असतो, मनगटी घड्याळात असतो तसा. एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

मी मूळची जव्हारची. एसटी डेपोच्या मागच्या आळीत आमचं घर आहे, आई तिथे एकटी राहते. त्यामुळे जव्हार-मोखाड्याकडचं काही काम निघालं की "तुमचाच भाग ना तो" म्हणून माझ्या गळ्यात पडतं. पाऊस ओसरला तसं खोडाळ्याच्या पुढे एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही आणि पुढे येणारं नावही खरं नाही, कारण एका बाईच्या पोटाचा प्रश्न आहे. बैठी, पत्र्याची इमारत. समोर पटांगण. डाव्या अंगाला स्वयंपाकघर, उजवीकडे अधीक्षिका मॅडमची खोली आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीवर आमचं मशीन. मागे नागलीची शेतं, त्यांच्या वर टेकाड आणि टेकाडावर एक मोठा कातळ.

त्या गावात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त त्या कातळावर. कुणाला फोन करायचा तर वर जायचं. रेशनचं मशीनसुद्धा दुकानदार वर घेऊन येतो आणि लोक रांगेने कातळावर बसून अंगठा लावतात. मग आम्हीही तेच केलं. मशीन भिंतीवर ठोकण्याआधी पॉवर बँक लावून वर नेलं, माझ्या फोनच्या नेटवर वेळ जुळवली आणि खाली आणून बसवलं. महिन्यातून एकदा अधीक्षिका मॅडमनी ते असंच वर न्यायचं, म्हणजे हजेरी ठाण्याला पोचेल आणि घड्याळही जुळेल, असं ठरलं. मधल्या काळात वेळ बदलायची झाली तर दोनच मार्ग होते. एक म्हणजे माझं बोट. दुसरा पासवर्ड, तो मी अडीअडचणीसाठी मॅडमना देऊन ठेवला होता.

त्या दिवशी सगळ्यांची बोटं नोंदवताना स्वयंपाकाच्या यमुना मावशींचं बोट काही केल्या मशीन घेईना. चुलीपाशी काम करून बोटाच्या रेषाच पुसट झालेल्या. मी तीनदा त्यांना हात धुऊन यायला लावलं, तेही चारचौघांत, वैतागून. शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळ्याला जीप येते, मी तशीच आले होते आणि तशीच परत गेले. त्या रस्त्याने जव्हार वाटेत लागत नाही. आईला फोन केला की घाई होती, पुढच्या वेळी नक्की येते.

पुढचा महिनाभर मी ठाण्यात होते. पुस्तिका संपवायची म्हणून सरांकडून घरून काम मागून घेतलं होतं. माझी भाड्याची एक खोली आहे, एकटीच राहते. सकाळी बसायचं ते अंधार पडेपर्यंत लिहायचं, मग खिचडी टाकायची. फार तर खालच्या दुकानातून दूध आणायला उतरले असेन. हे एवढं बजावून सांगतेय, कारण मी तेव्हा ठाण्यात होते याला माझ्याशिवाय कुणी साक्षीदार नाही.

महिन्याने सरांचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"त्या खोडाळ्याच्या मशीनमध्ये रोज संध्याकाळी कोणीतरी अॅडमिनमधून घड्याळ पुढे करतंय. रोज. आणि वेळ बदलली की त्या दिवशी पुढे एकच बोट लागतं, त्या स्वयंपाकीण बाईचं, घरी जातानाचं. तुझा पासवर्ड फुटला बघ."

"मॅडमनी दिला असेल," मी म्हटलं.

"कोणी का दिला असेना. तिथे फोन लागत नाही, संस्थेला आपल्याकडूनच लेखी हवंय. घड्याळाशी खेळ झालाय एवढं तू जाऊन लिहून आण, म्हणजे ते बाईला काढतील आणि आपण मोकळे."

खरं सांगते, मला जराही वाईट वाटलं नाही. उलट रागच आला. माझ्या मशीनला हात लावते म्हणजे काय. जीपमध्ये बसल्या बसल्या मी अहवालाची वाक्यं मनात जुळवून टाकली. ही बाई दिसायला गरीब, पण आतून पोचलेली आहे, असंही मनात आलं होतं. तेही लिहिते, लपवून काय करू आता.

पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. यमुना मावशी पटांगणात तांदूळ पाखडत होत्या. मला बघून त्या घाबरतील अशी माझी खात्री. पण त्या हसल्या. म्हणजे ओळखीच्या, रोजच्या माणसाकडे बघून हसतात तशा.

"बाय, आज उनाच्या आल्या?" त्या म्हणाल्या. "रोज तर सांज करून येता. बसा, आज तरी चा घ्या."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाशी बोलतायत. मागे वळून पाहिलंसुद्धा. तेवढ्यात अधीक्षिका मॅडम खोलीतून बाहेर आल्या, त्याही हसत.

"अरे वा, आज दुपारी? मी कालच मुलींना सांगत होते, काम कसं करावं ते या ताईंकडून शिका. एवढ्या लांबून रोज येतात, घड्याळ लावून जातात, एका अक्षराने कुरकुर नाही."

कुरकुर नाही म्हणे. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा.

मी हसून वेळ मारून नेली आणि आधी मशीन उघडलं. डोकं ताळ्यावर ठेवायचं तर कामच बरं. पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे प्लग काढला, मशीन बंद पडू दिलं, थोडं थांबून परत चालू केलं. घड्याळ थांबलं होतं तिथूनच पुढे चालू झालं. म्हणजे आतला सेल कधीचा मेला होता. वीज जाईल तेवढा वेळ हे घड्याळ उभंच राहणार.

"इथे वीज जाते का हो?" मी विचारलं.

"जाते म्हणजे? दुपारी गेली की दिवेलागणीला येते," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नाही का, वीज आली की लगेच तर तुम्ही यायच्या."

हिशेब सरळ होता. मावशी रात्रीचं जेवण उरकून घरी जायला निघायच्या तेव्हा मशीनच्या मते अजून दुपारच असती. रोज लवकर पळते, असंच दिसलं असतं. बाकीच्या सगळ्या जणी पगारी, तिथेच राहणाऱ्या. रोजंदारीवर एकट्या मावशी. रोज संध्याकाळी कुणीतरी घड्याळ बरोबर वेळेवर आणत होतं, म्हणूनच त्यांचा दिवस पुरा भरत होता. खेळ कसला, उलट ज्याने कुणी वेळ बदलली होती त्याने बरोबरच केलं होतं.

मग मी आतल्या नोंदी उघडल्या. ठाण्याला नुसतं 'अॅडमिन' एवढंच दिसतं. मशीनमध्ये मात्र पासवर्डने का बोटाने, आणि कुणाच्या बोटाने, हे सगळं असतं. पासवर्ड एकदाही वापरलेला नव्हता. बोट होतं. प्रत्येक संध्याकाळी माझं बोट, माझं नाव.

मी ते पुन्हा पुन्हा वर-खाली करून पाहिलं. दुसऱ्या कुणाचं बोट माझ्या नावावर चढलं असेल म्हणून मॅडमचं लावून पाहिलं, मावशींचं लावून पाहिलं, आणखी दोघींची लावून पाहिली. मशीनने एकेकीचं नाव बरोबर सांगितलं. माझं लावलं, तर अॅडमिनचं पान उघडलं. मी बोट काढून परत लावत होते आणि मॅडम मला म्हणत होत्या, जेवूनच जा.

स्वयंपाकघरात गेले. मावशी भाताच्या पातेल्यापाशी उभ्या होत्या. ते पातेलं म्हणजे दोन माणसांचं काम.

"धरा बाय," त्या सहज म्हणाल्या आणि एक फडकं माझ्याकडे सरकवलं. मी धरलं. आम्ही दोघींनी ते उतरवलं.

"मावशी," मी विचारलं, "मी रोज येऊन काय करायचे हो?" प्रश्नच वेड्यासारखा होता. पण त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

"काय करायच्या म्हंजे? बोट लावायच्या, टाइम मिळवायच्या. मंग माझ्यासंगं पातेला उतरवायच्या. बोलायच्या नाय कदी. मी म्हनलं, शिकल्याली बाय, दमली असंल. मंग माझा बोट लावून घ्यायच्या. माझा बोट लवकर लागत नाय ना, तर किती येळ हात धरून उब्या ऱ्हायच्या. रागवायच्या नाय." मग म्हणाल्या, "आमी दरवर्सी दिवाळी झाली का समदी इटांच्या भट्टीवर जातू, वसईकडं. पोरींची साळा मोडते. ऐंदा हा काम लागला तर पोरींना हितंच ठेवायचा ठरवलाय. तुमच्यामुळं टिकला, बाय. मला कळतं तेवडा."

मी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"हात कसा हाय?" असं म्हणत त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि मनगट उलटं केलं. "परवा वाफ लागली ना तुमाला. किती लाल झाला व्हता."

माझ्या मनगटावर काही नव्हतं. साधा ओरखडासुद्धा नाही. त्यांनी दुसरा हात पाहिला. मग पुन्हा पहिला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं... नीट, बराच वेळ. आणि हात सोडून दिला.

"बसा मॅडम," त्या म्हणाल्या. "जेवाय वाढते."

त्यानंतर मी तिथे होते तोवर त्या मला एकदाही बाय म्हणाल्या नाहीत. मला माहीत नाही, त्यांना काय कळलं आणि किती कळलं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. मला भाजी-भाकरी वाढली, चटणी वाढली, बाजूला बसून राहिल्या. दुसऱ्याच्या नावाने आलेलं जेवण आपण जेवतोय असं वाटत होतं, आणि ते नाव तर माझंच होतं.

आता प्रश्न कागदाचा होता. मी जर खरं लिहिलं की महिनाभर मी इथे आलेच नाही, तर अर्थ एवढाच निघणार की परक्या कुणीतरी घड्याळात ढवळाढवळ केली. मग सगळा महिना रद्द आणि मावशी घरी. संस्थेला माझ्या भुताखेताच्या गोष्टीत काडीचा रस नव्हता. खरं लिहिलं तर बाई जाते आणि खोटं लिहिलं तर राहते, असा तो मामला. मी मॅडमच्या टेबलापाशी बसून लिहिलं की सेल खराब असल्याचं लक्षात आल्यामुळे मी स्वतः रोज संध्याकाळी येऊन घड्याळ लावत होते. खाली सही केली. सही करताना हात थरथरला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण नाही थरथरला. अगदी झोकात सही केली.

मग कातळावर जाऊन सरांना फोन केला. ते एकदम खूश झाले.

"वेडी आहेस का तू? सांगायचं ना. पण रोज ठाण्याहून कशी यायचीस?"

"ठाण्याहून नाही सर, जव्हारला आईकडे राहिले होते." तोंडातून आपोआप निघालं.

"शाबास. पुस्तिकेत हे घाल, सेल नसेल तिथे रोज घड्याळ कसं लावायचं ते. आणि तुझं नाव मी वरपर्यंत कळवतो."

कळवलंही त्यांनी. माझं कौतुक झालं, सगळ्यांसमोर, टाळ्यांसकट. मी उभी राहून मान खाली घालून ते घेतलं, आणि लोकांना वाटलं की किती नम्र आहे. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी नवा सेल घातला, घड्याळ जुळवलं, प्लग काढून तपासलं. मावशींचं काम टिकलं, ते आजही आहे. निघताना वाटलं की आईकडे राहिले असं सांगितलंच आहे तर निदान एक रात्र तरी खरी करू. खोडाळ्याहून मोखाडा, मोखाड्याहून जव्हार. घरी पोचले तेव्हा आई ओट्यावरच बसली होती. मला बघून ती उठली नाही.

"आलीस," एवढंच म्हणाली.

"हो अगं, काम निघालं अचानक."

"अचानक कसलं," आई म्हणाली. "महिना झाला येतेयस ना खोडाळ्याला. आपल्या आळीतला भाजीचा टेम्पोवाला तिकडे माल टाकतो. त्याने पाहिलं तुला, दोन-चारदा. म्हणाला, काकू, तुमची लेक रोज येते तिकडे."

मी चपला काढत होते, तशीच वाकून राहिले.

"मग मला फोन का नाही केलास?" मी विचारलं.

"फोन काय करायचा? म्हटलं, काम झालं की येईल. खोडाळ्यापर्यंत आली म्हणजे इथवर येणारच. रोज दोघींचा भात टाकत होते." मग पदराने ओटा पुसत म्हणाली, "सकाळी फोडणी देऊन मीच खायचे, वाया नाही घालवला."

आईला काय सांगणार होते मी? मी नव्हतेच गं आले, मी ठाण्यात होते, असं? टेम्पोवाल्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. मशीनमध्ये माझं बोट होतं. पिशवीत माझ्याच सहीच्या कागदाची प्रत होती की मी रोज आले, आणि आईकडे राहिले असं सरांना मी स्वतःच सांगितलं होतं. आणि समजा पटवलं असतं आईला, तरी काय फरक पडला असता? ठाण्यात बसूनही मी आले नव्हतेच. मी म्हटलं, काम फार होतं. ती म्हणाली, असू दे, हातपाय धू. त्या रात्री आम्ही दोघी जेवलो.

सगळ्या शक्यता तपासून झाल्यात माझ्या. मशीन उघडून पाहिलं, कंपनीतल्या दोघा हुशार माणसांना नाव न सांगता विचारलं, डॉक्टरांकडेही जाऊन आले, झोपेत चालते का मी म्हणून. हाती काही लागलं नाही. सेल बदलल्यापासून ती कुणाला दिसलेली नाही. कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर कळवा, पण मी त्याची वाट बघत नाही. ती कोण होती, माझं बोट तिला कसं मिळालं, माझ्याकडे नाही ती माया तिच्याकडे कुठून आली, मला यातलं काहीच माहीत नाही. फक्त महिनाभर रोज एवढ्या लांब येऊनही ती पुढे जव्हारला आईकडे का गेली नाही, तेवढं मला नीट माहीत आहे.